हात न लावता

ताराभाभींना एका जागी बसलेलं बघायचं असेल तर सकाळी साडेसहाला त्यांच्या घरी जावं लागतं. त्या वेळी त्या सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला बसतात. आसनावर, तोंडाला मुहपत्ती, समोर वाळूचं घड्याळ, अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढा वेळ उठायचं नाही असा नियमच आहे, म्हणून बसतात. त्यातही उजव्या पायाचा अंगठा हलत असतो. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "अंगठानी सामायिक लियेल नही."

एरवी त्यांच्या पायाला भिंगरी. शहाद्याच्या मेन रोडवर खाली त्यांच्या यजमानांचं, चांदमल शेठचं, भांड्यांचं दुकान आणि वर घर. मधला जिना अठरा पायऱ्यांचा. बाहत्तर वर्षांची ही बाई तो दिवसातून किती वेळा उतरते-चढते ते मी मोजणं सोडून दिलं. आमच्या भिंतीला त्यांची भिंत, तीस वर्षांचा शेजार. राजेंद्र, म्हणजे माझा नवरा, पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात होता आणि मी शाळेत. दोघंही आता निवृत्त. मला सांगायचं तर निवांत बसणारी माणसं आवडतात. चहा घ्यावा, चार गोष्टी कराव्यात, दुसरा चहा घ्यावा. ताराभाभींसोबत आजवर माझा एक चहा धड झाला नाही. अर्धा कप होतो न होतो तोच खालून शेठची हाक येते, "अरिहंत री माँ", आणि हाक पुरी व्हायच्या आत बाई जिन्यावर. बशीतला चहा तसाच, त्यावर साय. काम काय असतं? चष्मा कुठे ठेवला, नाहीतर दोरीचा गुंडा कुठे आहे. मी किती वेळा म्हटलं, "भाभी, दोन मिनिट थांबी तं जा." त्या थांबल्या नाहीत. कुणीही बोलावलं, अगदी दारावरच्या केळीवालीनं हाक दिली, तरी त्या पहिल्या हाकेला उठणार. मला याचा राग यायचा, हे कबूल करते.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्ते. पत्त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा एकोणिसाव्या वर्षापासूनचा नेम. माहेरी दोंडाईच्याला असताना साध्वीजींसमोर हात जोडून घेतलेला. जैन घरात पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे व्यसन, तेव्हा त्यात मला काही नवल वाटलं नव्हतं. एकदा आमच्या ओट्यावर पोरांनी पत्ते टाकून दिले होते, तर भाभींनी ते सुपलीत लोटून घेतले आणि सुपली माझ्या हातात दिली. बोट लागू दिलं नाही.

तर अशा घरात गेल्या एप्रिलच्या अखेरीला प्रियल आली, आणि तिच्या पिशवीत पत्ते होते.

प्रियल म्हणजे भाभींच्या मुलाची, अरिहंतची मुलगी. दहा वर्षांची, पुण्याची. तिची आई किंजल सुरतला माहेरी होती. इतक्या वर्षांनी दुसऱ्यांदा दिवस गेलेले, आठवा महिना, रक्तदाब वर चढलेला. डॉक्टरांनी बिछान्यातून उठू नको म्हणून सांगितलेलं. अशा घरात उड्या मारणारी पोर कशाला, म्हणून अरिहंतनं तिला शहाद्याला आणून सोडलं. पोरीला वाटलं, भाऊ येणार म्हणून मला हाकललं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त आईचा फोन घेणं बंद केलं.

रोज चार वाजता किंजलचा फोन यायचा. प्रियल खिडकीत नाहीतर न्हाणीघरात. "नंतर करते म्हणून सांग." ते नंतर कधी यायचं नाही. किंजल फोनवर हसून म्हणायची, राहू द्या मम्मी, आणि तिचा आवाज ऐकून भाभी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरायच्या. डबे उघडायच्या, बंद करायच्या. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात गच्चीवरचे पापड उलटे करायला जायच्या, जे सकाळीच कडक झालेले.

"निर्मला, काय करू सांग," त्या एके दिवशी आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. आत यायलाही तयार नव्हत्या. "पोर मायना फोन लेत नही. तठे किंजलनं काही बरंवाईट व्हयनं तं?"

"भाभी, जरा बठा. पोर धाकली शे, रुसेल शे. चार दिनमा बोली."

"चार दिन कोनी देखा?" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी मास्तरीण. रुसलेली पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी मी जाऊन प्रियलशेजारी फरशीवर बसले आणि तिच्या पिशवीतला डबा मागितला. डब्यावर इंग्रजीत लांबलचक नाव होतं. आत जाड, गुळगुळीत पत्ते आणि प्रत्येकावर एक न पाहिलेला प्राणी. तीन तोंडांचं घुबड, पंखांचं रेडकू, पोटात दिवा लागलेलं कासव. खेळ सोपा होता. पत्त्यांच्या कडा चार रंगांच्या, पाण्याची निळी, रानाची हिरवी, आगीची तांबडी, आभाळाची पांढरी. दोघींसमोर एकेक पालथा गठ्ठा. आळीपाळीनं एकेक पान मध्ये उलटायचं. लागोपाठ दोन कडा एका रंगाच्या आल्या की जिचा तळवा आधी पडेल तिचा तो वरचा प्राणी. सात वेगवेगळे प्राणी जमले की जिंकलात. दहा मिनिटांचा डाव. मी सलग पाच हरले. माझा हात उठेपर्यंत तिचा पडलेला असायचा.

ताराभाभी आमच्याभोवती घिरट्या घालत होत्या. हातात फडकं, पुसण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "हे जीवडे मारायचे असतात का?"

"नाही दादी. गोळा करायचे. पाळायचे."

"मग ठीक." दोन फेऱ्या मारून परत आल्या. "हा मोरपिसांचा टोप घातलेला कोण?"

"ते अस्वल आहे. जादूचं."

"अस्वल कसचं? काठी गावच्या होळीतला बुध्या आहे तो," भाभी म्हणाल्या. नातीशी त्या शाळेतली मराठी जपून बोलायच्या. प्रियलनं बुध्या म्हणजे कोण ते विचारलं. होळीला तिथं डोंगरातली माणसं मोरपिसांचा टोप घालून, कमरेला दुधी आणि घुंगरं बांधून रात्रभर नाचतात, हे भाभींनी उभ्याउभ्या सांगितलं, आणि पोरगी आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. "दादी, तू खेळ ना."

भाभींनी हात पदराखाली घेतले. "मला पत्त्याला हात लावायचा नाही. नेम आहे."

"का?"

"आहे नेम."

दुसऱ्या दिवशी त्या जैन स्थानकात, साध्वी उतरतात तिथं गेल्या. विहार करत निघालेल्या साध्वीजी चार दिवस शहाद्यात थांबल्या होत्या. मला सोबत घेऊन गेल्या, म्हणून मला हे ठाऊक आहे. साध्वीजींनी विचारलं, नेम घेताना शब्द काय होते? पत्त्याला हात लावणार नाही, एवढेच. साध्वीजी म्हणाल्या, "मग तुझा नेम हातापुरता आहे. करणं वेगळं, दुसऱ्याकडून करवणं वेगळं, मनानं त्यात राजी असणं वेगळं. पण खेळ, असं मी तुला म्हणू शकत नाही. नेम तुझा, तो तूच जप." कुणीही शहाणं माणूस यावर घरी येऊन गप्प बसलं असतं. ताराभाभींनी घरी येऊन स्वयंपाकघरातून लाटणं आणलं.

प्रियलनं दोघींची पानं उलटायची आणि रंग जुळला की भाभींनी हाताऐवजी लाटणं टेकवायचं, असं ठरलं. चांदमल शेठनं वर येऊन हा प्रकार पाहिला आणि विचारलं, पाप लाटण्याला लागणार की पोळ्या खाणाऱ्याला? भाभींनी लाटणं पदराला पुसलं. त्या मांडी घालून बसल्या होत्या.

आणि काय सांगू, ती बाई खेळली. रेडकू पडलं न पडलं तोच लाटणं त्याच्या शिंगांवर. मी आ वासून बघत राहिले. प्रियलची बोटं दोनदा लाटण्याखाली आली, तिनं फुंकर मारली आणि पुढचं पान उलटलं. ही चपळाई एका दिवसाची नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. रंगात आल्या की भाभींचा डावा हात गठ्ठ्याकडे जायचा, मग प्रियल ओरडायची, "हात, दादी, हात." भाभी हात मागे घ्यायच्या. दादीचा नेम मोडू द्यायचा नाही, ही जबाबदारी पोरीनं आपणहून घेतली होती, आणि तिच्याइतकी ती कडकपणे कुणी पाळली नसती.

आठवडाभर रोज दुपारी डाव. पोर जेवायला लागली, दादीच्या अंगाला टेकून झोपायला लागली. शेठ मला दुकानात म्हणाले, "निर्मलाबाई, पन्नास वरीसमा पहिलांदा मन्ही बायको एक जागावर बठेल दखायनी. त्या जीवडास्ले नारळ फोडनं पडी." आम्ही हसलो. पण फोनचं काही जमलं नव्हतं. उलट आता पोरीला सबब मिळाली होती. चारला फोन वाजला की डाव चालू असायचा.

एका दुपारी खालून हाक आली, "अरिहंत री माँ." मध्ये निळ्यावर निळं पडण्याच्या बेतात. भाभींचे डोळे पानावर, लाटणं उचललेलं. त्या म्हणाल्या, "आले, एवढा डाव होऊ दे."

मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं असं काही. मी हसून काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. रंग उडाला होता. लाटणं तसंच टाकून त्या उठल्या आणि जिना उतरताना दोनदा भिंतीला धरलं. शेठना फक्त पंख्याचं बटण लावून हवं होतं. त्यानंतर दोन दिवस भाभी खेळल्या नाहीत. गच्ची, जिना, दुकान, गच्ची. प्रियलनं विचारलं तर म्हणाल्या, डोकं दुखतंय. पोर पुन्हा खिडकीत जाऊन बसली, ताट परत पाठवायला लागली. तिसऱ्या दिवशी भाभींनी मुकाट्यानं लाटणं काढलं. दोन्हीकडून कोंडी झालेली मला दिसत होती. कशानं, ते कळत नव्हतं, आणि विचारावं तर बाई समोर थांबायला हवी.

पंधरा मेला, दुपारी चारला अजून वेळ होता. मी भाभींकडे लोणच्याची बरणी परत द्यायला गेले होते. दोघी खेळत होत्या. प्रियलचे सहा प्राणी जमलेले, भाभींचेही सहा. कपाटावर ठेवलेला फोन वाजला. मीच उचलला. अरिहंत होता, आवाज चिरकलेला. किंजलचा रक्तदाब एकदम वाढला, आत्ताच ऑपरेशन करायचं ठरलं, तिला आत नेत आहेत. पडद्यावर किंजलचा चेहरा आला. हिरवी टोपी, ओठ सुकलेले. "मावशी, प्रियलला द्या ना. एकच मिनिट."

मी फोन घेऊन पोरीसमोर वाकले. "प्रियल, मम्मी आहे. तिला ऑपरेशनला नेतायत. बोल."

प्रियलनं मान वर केली नाही. तिला कळलं नव्हतं असं नाही, तिचे कान लाल झाले होते. घाबरलेलं पोर जे करतं तेच तिनं केलं, डोळ्यांसमोर जे होतं ते घट्ट धरून ठेवलं. गठ्ठ्यावरचं पान उलटत ती म्हणाली, "एवढा डाव होऊ दे."

फोनमधून किंजल म्हणाली, "राहू द्या मावशी." मागे कुणीतरी गुजरातीत घाई करत होतं.

लाटणं फरशीवर पडून कपाटाखाली गडगडत गेलं. ताराभाभींनी दोन्ही हात पत्त्यांवर ठेवले. नुसती बोटं नव्हे, तळवे. मधली पानं, दोघींचे गठ्ठे, तिचे सहा प्राणी, स्वतःचे सहा, सगळं हातांनी ओढून एकत्र केलं आणि छातीशी धरलं.

प्रियल ताडकन उभी राहिली. "दादी, तू हात लावलास."

"लावला," भाभी म्हणाल्या. आवाज शांत होता. "डाव संपला. जा. आईशी बोल."

पोरीनं एकदा त्या हातांकडे पाहिलं. मग माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मम्मी, माझे सहा झाले होते," ती म्हणाली आणि रडायला लागली. किंजल म्हणाली, "मग सातवा मी घेऊन येते." मिनिटभरसुद्धा झालं नसेल. पडदा काळा झाला. पोर दादीच्या मांडीत येऊन पडली, आणि पत्ते छातीशी धरलेल्या ताराभाभी पुटपुटत होत्या, "मिच्छामि दुक्कडं, मिच्छामि दुक्कडं." माझ्याकडून चुकलं, क्षमा असावी. त्या कुणाची क्षमा मागत होत्या ते मला अजून ठाऊक नव्हतं.

साडेपाचला कळलं. मुलगा झाला, दोन किलोलाही थोडा कमी. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, पण धोका नाही. किंजलही बरी. शेठनं दुकानात आलेल्या सगळ्यांना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी एस.टी. स्टँडवर. साध्वीजी तोवर तळोद्याला पोचल्या होत्या. भाभी नेम मोडल्याचं सांगून तिथं प्रायश्चित्त घ्यायला निघाल्या होत्या आणि गाडी लागायला अर्धा तास होता. मी सोबत गेले. स्टँडच्या बाकावर, गर्दीत, मी शेवटी विचारलं. एस.टी. स्टँडवर माणूस फार लांब जाऊ शकत नाही.

भाभी स्टँडच्या घड्याळाकडे बघत बोलल्या. आजीनं त्यांना वाढवलं होतं. आजी आजारी नव्हती, नुसती पडून होती. एकोणीस वर्षांची ही ओसरीवर भावंडांसोबत पत्ते खेळत होती, हात सगळ्यांत चपळ, हरायची नाही. "आजीनी पानी मांगं. मी सांगं, एवढा डाव व्हवू दे." डाव जिंकला. पाणी घेऊन आत गेली, तर आजीचा श्वास थांबलेला. पेला हिनं पुष्कळ वेळ हातात धरून ठेवला, कारण खाली कुठे ठेवायचा ते कळेना.

गाडी लागली. भाभी उठून गर्दीत घुसल्या आणि दोघींसाठी जागा धरली. तीस वर्षं मी त्यांच्या अर्ध्या चहावर चिडत आले होते. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

साध्वीजींनी अकरा आयंबिल दिले. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल, तूप, मीठ, मसाला काही नाही, आणि प्यायला उकळून गार केलेलं पाणी. मे महिन्याच्या उन्हात भाभींनी ते केले, आणि नेम पुन्हा पहिल्यासारखा घेतला. प्रियल आता चारच्या आधीच फोन घेऊन बसायची. बाळाचा फोटो आला की डब्यातल्या प्राण्यांशी ताडून बघायची आणि कुठल्याशी जुळत नाही म्हणून सांगायची.

आठव्या आयंबिलाच्या दिवशी मी दुकानात एक पातेलं बदलून घ्यायला गेले होते. भाभी जिन्याच्या खालच्या पायरीला टेकून उभ्या होत्या, चेहरा ओढलेला. शेठना ते बघवत नव्हतं, म्हणून ते चिडले होते.

"सगळं चांगलं व्हयनं," ते म्हणाले. "किंजल बरी, पोऱ्या बरा. काहीच व्हयनं नही. मंग पन्नास वरीसना नेम कसाले मोडा?"

भाभींनी कपाळावरचा घाम पुसला. "आजीनी पानी मांगं तवय बी," त्या म्हणाल्या, "काहीच व्हयेल नव्हतं."

शेठना ही गोष्ट ठाऊक नव्हती असं मला वाटत नाही. गल्ल्यावर उकळलेल्या पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला होता. त्यांनी पेला घेण्यासाठी हात पुढे केला, तशा सवयीनं भाभी पुढे झाल्या.

"बठ," शेठ म्हणाले. ते स्वतः गादीवरून उठले, पेला भरला आणि पायरीपाशी जाऊन भाभींच्या हातात दिला. भाभी पायरीवर बसून ते पाणी शेवटपर्यंत प्यायल्या.